चिंचेचा कोळ आणि 'मूळचे कुठले?' हा प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने मी सात वर्षे लखनौला होतो. एका खासगी शाळेत उर्दू शिकवायचो. मराठवाड्यात परतल्यावर पहिले काही महिने एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, ती म्हणजे जेवणातला आंबटपणा. डाळीत चिंच, वांग्यात चिंच, गोश्तमध्ये अंबाडीचा पाला, खिचडीबरोबर तीळ-शेंगदाण्याचा खट्टा. लखनौच्या दस्तरखानावरही आंबट असते, पण ते दह्याचे, लिंबाचे किंवा आमचुराचे. रोजच्या डाळीत चिंचेचा कोळ घालणारे घर मला तिथे भेटले नाही. ईद दोन्हीकडे एकच, पण तिथे किमामी सेवयांचा मान, इथे शीरखुर्म्याचा. लग्नात तिथे कोरमा आणि शीरमाल, इथे दालचा आणि बगारा खाना. आणि भाकरी? ज्वारीची भाकरी तिथल्या माझ्या सहकाऱ्यांनी फक्त ऐकली होती.

हे फरक गमतीचे म्हणून सोडून देता आले असते. पण त्यांच्यामागे एक प्रश्न आहे आणि तो मला दोन्हीकडे विचारला गेला. लखनौला माझ्या तोंडून 'नक्को' किंवा 'अब्बीच' असे काही निघाले की लोक हसून विचारत, "ये कौनसी उर्दू है, साहब?" इथे परतलो तर ओळख होताच नवे लोक विचारतात, "सर, तुम्ही मूळचे कुठले?" दोन्ही प्रश्न बहुधा आपुलकीनेच येतात. पण दोन्हींचा अर्थ एकच निघतो, की तुम्ही जिथे आहात तिथले पूर्ण नाही.

मोठ्यांना याची सवय होते, मुलांवर मात्र परिणाम होतो. आठवीच्या वर्गात मी 'आमच्या घरचे जेवण' या विषयावर उर्दूत दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी बिर्याणी, कोरमा, कबाब लिहिले. मधल्या सुट्टीत डबे उघडले, तर भाकरी, ठेचा, मेथीची भाजी, खट्टी दाल. मी विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, वो तो रोज का खाना है, वो कायकू लिखना?" तिला वाटत होते की मुसलमानाचे जेवण म्हणजे सिनेमात दिसते ते. घरातले जेवण लिहिण्याच्या लायकीचे नाही. म्हणून हा इतिहास थोडा सविस्तर सांगावासा वाटतो.

औरंगाबादचा (आजच्या छत्रपती संभाजीनगरचा) नान खलिया सगळ्यांना माहीत आहे. मऊ पिवळसर नान आणि वर लाल तर्री आलेला गोश्तचा रस्सा. सांगितले जाते की मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासोबत हा पदार्थ आला. भट्टीतली नान आणि मोठ्या देगेतला रस्सा हजारो माणसांना एकदम जेवू घालायला सोयीचा, त्यामुळे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. लग्नाच्या पंगतीत तो आजही याच कारणासाठी केला जातो.

पण त्या तर्रीकडे नीट बघा. तिचा लाल रंग मिरचीचा आहे. मिरची हे अमेरिका खंडातले पीक. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला आणि त्यानंतर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत मिरची आपल्याकडे आली. म्हणजे तुघलकाच्या सैनिकाने आजचा लाल खलिया खाल्लेला असणे शक्यच नाही. त्याने जे खाल्ले असेल ते मिरे, आले असल्या मसाल्यांचे काहीतरी असेल. सुके खोबरे भाजून वाटण करायची पद्धत तर इथल्या शेजारच्या मराठी घरांतलीही आहे. भट्टी उत्तरेकडून आली असेल, पण देगेत शिजले ते दखनमध्ये. तुघलकाची राजधानी काही वर्षांत परत दिल्लीला गेली. आलेल्यांपैकी बरेच मात्र इथेच राहिले आणि 1347 मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्याची सुरुवात झाली. ते राज्य दिल्लीविरुद्ध बंड करून उभे राहिले होते, हे आपण विसरतो. सहा-सातशे वर्षांपूर्वीच दखनचा मुसलमान दिल्लीपासून वेगळा होऊ लागला होता.

आता 'मूळचे कुठले' हा प्रश्न ताटातल्या इतर गोष्टींनाही विचारून पाहू. ज्वारी, जिला आपण मराठवाड्याची ओळख मानतो, ती मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दखनच्या काळ्या, कमी पावसाच्या जमिनीत इतकी रुजली की तिच्याशिवाय या भागाची कल्पना करता येत नाही. चिंचेचे झाडही मूळचे आफ्रिकेतले मानतात. अरबांना मात्र ती हिंदुस्थानातून मिळत होती. म्हणून त्यांनी तिला 'तमर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले आणि त्यावरूनच तिचे इंग्रजी नाव पडले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. तो ज्या चटणीत नाही, ती चटणी सोलापूरकराला चटणीच वाटत नाही.

त्याच आफ्रिकेतून मलिक अंबर आला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी हे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. शहराला पाणी पुरवणारी नहर त्याने बांधली. आयुष्यभर तो मोगलांशी लढला आणि 1626 मध्ये याच मातीत गेला. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहजवळ नहरीच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की उभी राहिली. तिच्यावर फकीर आणि मुसाफिरांसाठी धान्य दळले जाई. ज्वारी परदेशी नाही, तर अंबर परदेशी कसा?

भाषेचेही तसेच आहे. लखनौला लोक ज्या शब्दांवर हसायचे, ते शब्द मराठीने आम्हाला दिलेले आहेत. 'नक्को' म्हणजे आपले 'नको'. 'अब्बीच', 'मैंच', 'वोच' यातला 'च' हा 'आत्ताच', 'मीच'मधला 'च'. 'कायकू'मध्ये 'काय' स्पष्ट ऐकू येतो. चिंचेच्या कोवळ्या पाल्याला हैदराबादकडे 'चिगूर' म्हणतात, तो शब्द तेलुगूतून आला. ही बिघडलेली उर्दू नव्हे. उत्तरेत शायरीची भाषा फारसी होती, त्या काळात इथे दखनीत काव्य लिहिले जात होते. वली औरंगाबादी 1700 मध्ये दिल्लीला गेले, पुढे 1720 च्या सुमारास त्यांचा दिवान दिल्लीत पोहोचला आणि तिथले शायर फारसी सोडून आपल्या बोलीत लिहू लागले. उत्तरेला उर्दू शायरीची वाट दाखवणारा माणूस आमच्या शहरातला होता. हे मी वर्गात सांगतो तेव्हा 'कायकू' म्हणणारी मुले जरा ताठ बसतात.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे नांदेड-परभणीकडच्या घरात हैदराबादची चव जास्त. कोकणातल्या मुसलमानाचे ताट वेगळेच, तांदळाची भाकरी, मासळी, नारळाचे दूध, सांदण. त्यांची घरची बोलीही कोकणी-मराठी. मालेगावात विणकर कुटुंबे एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आली, त्यांची बोली आणि स्वयंपाक आणखी निराळा. महाराष्ट्राच्या मुसलमानाचे एकच एक जेवण दाखवता येणार नाही. प्रत्येकाचे ताट त्याच्या पावसावर, मातीवर आणि शेजाऱ्यावर ठरले.

शेजाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या भागातल्या खेड्यांत मोहरमला चोंगे आणि मलिदा होतो. सवारीला नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरे असतात, आणि त्यांच्याकडूनही मलिदा येतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावणे येते तेव्हा कोणी 'मूळचे कुठले' विचारत नाही. हा प्रश्न शहरात जास्त ऐकू येतो.

काळजीची गोष्ट अशी की हे सगळे आता घरातूनच कमी होते आहे. भाकरी थापता येणाऱ्या मुली कमी झाल्या, चपाती आणि बाहेरची बिर्याणी वाढली. लग्नाच्या पत्रिकेत 'दावत' राहिली, पण दालच्याच्या जागी पनीर आणि मंचुरियन आले. चवी बदलतात, त्याला इलाज नाही, मिरचीनेही एकेकाळी सगळे बदललेच. पण पदार्थाबरोबर त्याचे नाव जाते, नावाबरोबर बोली जाते, आणि मग 'मूळचे कुठले' या प्रश्नाला द्यायला आपल्याजवळ काही उरत नाही.

म्हणून मी मुलांना आता दुसरा गृहपाठ देतो. घरातल्या दादी-नानीला विचारा, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात काय शिजायचे, दुष्काळात काय खाल्ले, मोहरमला कोणाच्या घरून काय यायचे. त्या जसे बोलतील तसेच लिहून आणा, 'नक्को' असेल तर 'नक्को'च लिहा. आतापर्यंत दोन वह्या भरल्या आहेत. वाचकांनीही आपापल्या घरात हे करावे. आपल्या लोकांचा इतिहास बखरींत आणि फर्मानांत जेवढा सापडतो, त्याहून जास्त तो या म्हाताऱ्या बायकांच्या जिभेवर आहे, आणि त्या फार दिवस थांबणार नाहीत.