गाडीचा भार चाकावर की मानेवर?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत बैलगाडीची दोन रूपे आजही पाहावयास मिळतात. एक, यात्रेच्या घाटात सेकंदावर पळणारा हलका गाडा. आणि दुसरे, ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याने संथपणे जाणारी टायरगाडी. पहिल्या रूपाची चर्चा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही. प्रत्यक्षात बैलाच्या मानेवर किती ओझे पडते, याचा निकाल गाडीच्या साट्याखाली, म्हणजे आस, चाक, बेअरिंग, ब्रेक आणि जू यांच्या रचनेत लागत असतो. गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत या भागात सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. मात्र, त्या बहुतांशी मालासाठी झाल्या, मानेसाठी झाल्या नाहीत.

पाठीवरून चाकावर

जुन्नरला घाटमार्गांचा वारसा मोठा आहे. सातवाहन काळापासून वाहता असलेला नाणेघाट हा पायऱ्यांचा घाट. तेथे गाडी चढणे शक्यच नव्हते. कोकणातून येणारा माल बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर येई आणि पुढे जुन्नरच्या बाजारपेठेत जाई. पुण्याहून मुंबईकडे जाणारा बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाला, तरी दख्खनमध्ये मालवाहू गाड्या त्या वेळी फार नव्हत्या. ज्या होत्या, त्यांची चाके भरीव आणि अवजड असत व त्या ओढण्यासाठी अनेक बैल लागत.

त्याच दशकात पुणे भागातील जमीन मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सोलापूरकडील टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या तयार करण्यात आल्या. आऱ्यांचे चाक आणि एका जोडीला झेपेल असा सांगाडा हे या गाड्यांचे वैशिष्ट्य. पुढे गावोगावच्या सुतार-लोहारांनी अशा गाड्या घडविल्या आणि पाठीवरच्या वाहतुकीची जागा चाकाने घेतली.

चाक हे दोन कारागिरांचे काम होते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेरचा लाकडी घेर सुतार करी. त्यासाठी बाभळीचे चिवट लाकूड पसंत केले जाई. त्यावर लोखंडी धाव चढविणे हे लोहाराचे काम. धाव घेरापेक्षा किंचित लहान ठेवून ती भट्टीत लाल करीत. तापून फुगलेली धाव चाकावर बसवून लगेच पाणी ओतले, की ती आकसे आणि सारे सांधे आवळले जात. चाक आसावरून निसटू नये म्हणून कुणी घालीत आणि तुंब्यात वंगण भरीत. वंगण आटले की गाडी करकरू लागे. तो आवाज म्हणजे बैलाची वाया जाणारी शक्तीच होय.

घोड्यासाठी कमान, बैलासाठी नाही

युरोपात घोडागाडीच्या खालच्या भागात मोठा बदल झाला तो १८०४ मध्ये. लंडनच्या ओबाडाया एलियट यांनी लंबगोलाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांना जोडणाऱ्या जाड तुळईची गरज उरली नाही आणि गाड्या हलक्या व ठेंगण्या झाल्या. आपल्याकडील टांगा आणि व्हिक्टोरिया या गाड्यांच्या पाट्यांच्या कमानी याच परंपरेतल्या. पुणे-मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी या कमानींवरूनच प्रवास केला. पुढे, जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील करमणुकीच्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या आणि २०२१ मध्ये त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या.

टांग्याला कमान आणि बैलगाडीला मात्र नाही, असे का? याचे एक कारण वेगात आहे. खड्ड्यात चाक आदळल्यावर बसणाऱ्या धक्क्यातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुडक्या चालीचा घोडा ताशी दहा-बारा किलोमीटर जातो, तर ओझ्याचा बैल तीन-चार किलोमीटर. वेग तिप्पट झाला, की धक्का नऊपट होतो. त्यामुळे टांग्याला कमान ही गरज ठरली आणि बैलगाडीला ती चैन वाटली. शिवाय टांग्यात माणसे बसत, बैलगाडीत पोती. पोत्यांनी धक्क्याची तक्रार कधी केली नाही.

टायर आला, आस मोटारीचा

जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८८८ मध्ये घेतले. तो टायर बैलगाडीला लागल्यावर दोन गोष्टी साधल्या. चाक मऊ रस्त्यात रुतेनासे झाले आणि लहानसहान धक्के टायरनेच गिळले. म्हणजे एका अर्थी कमानीचे कामही टायरच करू लागला. बॉल बेअरिंगमुळे तुंब्यातील घर्षण कमी झाले. लोखंडी धावेने डांबरी रस्ते उखडत, तेही थांबले.

या दोन तालुक्यांत टायरगाडी रुळली ती उसाबरोबर. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे परिसरात पाणी आले. पाण्यामागोमाग ऊस आला आणि जुन्नरचा विघ्नहर व आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्यांमध्ये ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’ असे शब्दच रूढ झाले.

मात्र, टायरगाडीच्या सांगाड्यासाठी अनेकदा जुन्या मोटारींचे आस आणि टायर वापरले जातात. मोटारीचा आस इंजिनाने ओढायच्या कित्येक टन वजनासाठी घडविलेला असतो, त्यामुळे रिकामी गाडीच जड होते. चाक सहज फिरू लागल्याने मालही वाढविला जातो. बेअरिंगने बैलाचे वाचविलेले श्रम जास्तीच्या मोळ्यांनी परत घेतले जातात.

उलाळ आणि धुरजड

दोन चाकांची गाडी ही तराजूसारखी असते. आस हा तिचा काटा. माल आसाच्या मागे जास्त झाला, तर धुरा वर उचलला जातो आणि मानेखालचे जोते बैलाच्या गळ्याला आवळते. याला गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. माल पुढे जास्त झाला, तर ती ‘धुरजड’ होते आणि जू मानेवर दाबते. अनुभवी गाडीवान जू हाताने उचलून पाहतो आणि त्यानुसार माल पुढे-मागे करतो.

यामागचे गणित सोपे आहे. गाडीसह दीड हजार किलो वजन आहे, त्याचा मध्य आसाच्या दहा सेंटिमीटर पुढे आहे आणि आसापासून जू तीन मीटरवर आहे, असे समजा. सपाट रस्त्यावर जोडीच्या मानेवर ५० किलो भार येईल. उसाची रास उंच असते. वजनाचा मध्य आसापासून ९० सेंटिमीटर वर असेल, तर दहास एक अशा उतारावर तो आणखी नऊ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि मानेवरील भार ९५ किलोच्या घरात जातो. त्याशिवाय गाडी मागून सुमारे दीडशे किलोच्या जोराने बैलांना रेटते. ब्रेक असेल, तर हा रेटा चाकावर जिरतो. नसेल, तर तो जुवावाटे बैलांनाच अडवून धरावा लागतो. घर्षण कमी झालेली टायरगाडी उतारावर अधिक मोकळी धावते. त्यामुळे बेअरिंगबरोबर ब्रेक येणे अपरिहार्य होते. अनेक गाड्यांच्या बाबतीत बेअरिंग आले, ब्रेक आला नाही.

घासणारे जू आणि असमान भार यांतून खांदेसूज होते. मानेवर सूज, मग जखम, मग गाठ. जनावर काही दिवस कामातून जाते आणि मजुराची त्या दिवसांची कमाईही त्याबरोबर जाते. अनेकदा बैल उचल घेऊनच खरेदी केलेले असतात. त्यामुळे हा प्रश्न भूतदयेपुरता मर्यादित राहत नाही.

कायद्याला चाक कळते

गाडीचा खालचा भाग आणि जनावराचे ओझे यांचा संबंध कायद्यानेही मान्य केला आहे. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत मध्यम आकाराच्या बैलाच्या दुचाकी गाडीसाठी तीन वेगवेगळ्या मर्यादा आहेत. हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, टायर असतील तर १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,४०० किलो. म्हणजे बैल तोच. केवळ चाक व तुंबा सुधारल्याने मर्यादा दुप्पट. घोड्याच्या दुचाकी गाडीसाठी हीच मर्यादा टायर असल्यास ७५० व नसल्यास ५०० किलो आहे.

तीस मीटरमागे तीन मीटरहून अधिक चढ किमान एक किलोमीटरपर्यंत असेल, तर या मर्यादा निम्म्या होतात. दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपण्यास मनाई आहे. डोंगराळ जुन्नर-आंबेगावला चढाचा नियम विशेष लागू पडतो. उताराबद्दल मात्र गाडीवानालाच दक्ष राहावे लागते.

शर्यतीचा गाडा या साऱ्यापेक्षा वेगळा. त्यात माल नसतो आणि तो चढावर पळतो. मागे गाड्याला एक जोडी, तिच्यापुढे दुसरी जोडी आणि सर्वांत पुढे घोडी, ही या भागाची पद्धत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी राज्यात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. गाडा हलका आणि समतोल असावा, याबद्दल गाडामालक कमालीचे काटेकोर असतात. तीच काटेकोर नजर मालाच्या गाडीकडे वळली, तर बरेच काही साधेल.

तिसऱ्या चाकाचा आधार

बैलगाडीच्या शास्त्रशुद्ध सुधारणेचा आग्रह देशात सातत्याने धरला तो बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी. हलका सांगाडा, बेअरिंग, ब्रेक आणि मानेला न घासणारे जू या गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत, ही त्यांची भूमिका. त्यांतील एकच उचलली, तर लाभ मालाला होतो, जनावराला नाही, हे टायरगाडीने दाखवून दिले आहे.

महाराष्ट्रातील अलीकडचा प्रयत्न सांगली जिल्ह्यातील आहे. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतील ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ हा प्रकल्प साकारला. दोन बैलांच्या मध्ये, धुऱ्याच्या पुढच्या भागाखाली एक लहान चाक लावायचे आणि बैलांच्या उंचीनुसार ते वर-खाली करायचे, अशी ही रचना. धुरजडपणाचा भार मानेऐवजी या तिसऱ्या चाकावर जातो. ऊस वाहणाऱ्या गाड्याच त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. अर्थात, उतारावरचा रेटा हे चाक अडवीत नाही. त्यासाठी ब्रेक हवाच.

ट्रॅक्टर वाढले आणि गाड्या कमी झाल्या हे खरे असले, तरी जेथे ट्रॅक्टर पोहोचत नाही वा परवडत नाही, तेथे गाडी टिकून आहे. मोटारीच्या भंगाराऐवजी हलका आस, पायाने दाबता येणारा ब्रेक, आसाची योग्य जागा आणि मऊ अस्तराचे जू, यांपैकी कोणतीही गोष्ट तालुक्याच्या गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानाला अवघड नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या मानेला हळद आणि लोणी चोळून तिचे ऋण मानले जाते. उत्तर पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत भाद्रपदातील या सणानंतर थोड्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होतो आणि तीच मान पुन्हा जुवाखाली जाते. हळद लावण्याच्या त्याच दिवशी गाडीचे ब्रेक, बेअरिंग आणि जूही तपासण्याचा प्रघात पडला, तर ते ऋण काही अंशी फिटेल.