यादीत नसलेलं मूल

आज गड-किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज एका सरकारी यादीचा इतिहास. कंटाळवाणं वाटतंय ना? दोन मिनिटं थांबा.

मी मुरबाड तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकलो. चौथीत माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. कल्याणहून येणाऱ्या एसटीचे थांबे त्याला तोंडपाठ. शहाड, म्हारळ, कांबा, रायते, गोवेली, मामणोली... एकही चुकायचा नाही. पण हजेरीत नाव पुकारलं तर गप्प. घंटा वाजली की कानांवर हात ठेवून बाकाखाली. गुरुजी त्याला मठ्ठ म्हणायचे. आम्ही पोरं मुद्दाम त्याच्या कानाशी खिचडीचं ताट वाजवायचो. मीसुद्धा वाजवलंय. पाचवीला तो आलाच नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तो स्वमग्न होता, म्हणजे त्याला ऑटिझम होता, असं मी ठामपणे सांगणार नाही. त्याला कुणी तपासलंच नव्हतं. हे साल २००७.

आता मागे जाऊया. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. आपल्याकडे अपंगांसाठीचा मोठा कायदा आला १९९५ मध्ये. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदता आणि मानसिक आजार. ऑटिझम नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांच्यासाठी.

आता गंमत बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अपंग मूल कोण, हे ठरवायला १९९५ चीच यादी घेतली. आम्ही प्रोग्रामर याला म्हणतो, जुनी लायब्ररी तशीच इम्पोर्ट केली! २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे ऑटिझम त्यात आला. आणि २०१६ च्या नव्या कायद्यात २१ प्रकार झाले, त्यात ऑटिझम स्वतःच्या नावाने आला.

मग अशी मुलं किती? २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली. मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण साधारण आठातल्या एका मुलाला निघाली. ऑटिझम साधारण शंभरात एकाला. म्हणजे आपल्या दोन-तीन पाड्यांच्या शाळा मिळून एखादं मूल असू शकतं.

माझी मावशी शहापूर तालुक्यात शिक्षिका आहे. तिला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "कायद्यात नाव आलं रे, पण पोराला दाखवायला ठाण्याला न्यायचं. आसनगावपर्यंत जीप, मग लोकल, आणि बापाची मजुरी बुडते. एकदा जातात, दुसऱ्यांदा नाही जात." २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्राथमिक शाळेत अशा दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मावशीच्या शाळेत तो आठवड्यातून एकदा येतो, तोही पाऊस नसेल तर.

पण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट घडून गेलीय. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणात न्या. ती कुरणशाळा. मुलाला बदलण्याआधी त्यांनी शाळा बदलली.

मावशी एवढं करते की त्या मुलाच्या वर्गाजवळ घंटा वाजवत नाही, हात वर करून सुट्टी सांगते. याला खर्च शून्य.

तुमच्या वर्गात असं कुणी होतं का? मग कधीतरी सोडून गेलं का? आठवून बघा. मी त्या मुलाचं घर शोधतोय. सापडलं तर आधी माफी मागायची आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.