शिधापत्रिका : नागपूरकर गृहस्थांचें एक उपेक्षित दप्तर

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस सनदा, महजर, कौलनामे, हुंड्या आणि वराता हे शब्द नित्य परिचयाचे आहेत. एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील रुमाल सोडला म्हणजे मोडी कागद तेवढे एका बाजूस काढावयाचे व छापील कागद रद्दींत टाकावयाचे, अशी आमची सर्वांचीच संवय आहे. या छापील केरांत पुष्कळदां एक घडी घातलेलें जाड पत्र निघतें. त्यावर चौकोन आंखलेले असतात, रबरी शिक्के उमटलेले असतात, आणि कोठें कोठें कडेचे तुकडे कापून घेतल्याच्या खुणा दिसतात. ही शिधापत्रिका होय. दुसऱ्या महायुद्धांत सुट्या नाण्यांची टंचाई पडली तेव्हां सौराष्ट्रांतील कांहीं संस्थानिकांनीं काढलेलीं पुठ्ठ्याचीं कुपनें आज नाणेसंग्राहक मोल देऊन घेतात. पण त्याच काळांत ज्या कुपनावर घरांत धान्य आलें, तें कुपन कोणी उचलून ठेवीत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला तेव्हां मोडी कागदांचीही अशीच उपेक्षा होत होती. वाण्याच्या पुड्यांत दप्तरें गेलीं म्हणून आपण हळहळतों. येथें तर वाण्याच्याच दुकानचें दप्तर जात आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. शिधा म्हणजे शिजविण्यासाठीं दिलेलें कोरडें अन्न : तांदूळ, कणीक, डाळ, तूप, मीठ. पेशवाईच्या कागदांत पाहुणा, वाटसरू, ब्राह्मण किंवा कामगिरीवर निघालेला माणूस यांस कोठींतून शिधा दिल्याचे उल्लेख येतात. शिधा हा दिला जात असे, विकला जात नसे. वरातीचा प्रकार निराळा. अमक्या महालाच्या वसुलांतून अमक्यास इतकी रक्कम द्यावी, असा तो हुकूम असे व वरातदारास पैका हातीं पडे. विसाव्या शतकांतील शिधापत्रिका या दोहोंच्या मधली आहे. तिच्यावर वरातीप्रमाणें नांव, प्रमाण व शिक्का असतो, परंतु धान्याची किंमत धारकासच मोजावी लागे. त्याचा लाभ एवढाच कीं ठराविक माप ठराविक दरानें मिळे. सरकारी दर व बाजारचा दर यांत जें अंतर, तेंच या कागदाचें खरें मोल. म्हणून शिधापत्रिकेचा अभ्यास करणाऱ्यानें नुसती पत्रिका पाहून भागत नाहीं. त्याच काळच्या इतवारीच्या दुकानांच्या वह्या व खतावण्याही मिळवाव्या लागतील.

आतां इतिहास. मुंबईंत धान्याचें शिधावाटप २ मे १९४३ रोजीं सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळानें लाखों माणसें मेलीं, आणि ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीनें एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावें अशी शिफारस केली. १९४१ च्या खानेसुमारींत नागपूरची वस्ती सुमारें तीन लाख होती. म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडची ही राजधानी त्या मर्यादेच्या पुष्कळ वर होती. पुढें डिसेंबर १९४७ मध्यें नियंत्रण उठलें, १९४८ मध्यें पुन्हां बसलें, व रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असतांना १९५४ पर्यंत तें बहुतांशीं दूर झालें. या चढउतारामुळें एकाच घरांत तुटक काळाच्या पत्रिका सांपडल्यास नवल मानूं नये.

प्रमाणाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रौढ माणसास दररोज एक पौंड धान्य धरीत, तें १९४६ च्या आरंभीं बारा औंसांवर आणलें गेलें. आपल्या तोळ्यांत सांगावयाचें तर सुमारें ३९ तोळ्यांचे २९ तोळे झाले. ८० तोळ्यांच्या शेरानें आठवड्याचें माप साडेतीन शेरांच्या आंत होतें, तें अडीच शेरांवर आलें. लहान मुलांस प्रौढाच्या निम्मा वांटा मिळे. ज्या घरांत दोन प्रौढ व चार मुलें, त्या घरीं चार प्रौढांचें धान्य येई. मग गृहिणीनें ज्वारी किती, तांदूळ किती, आणि पाहुणा आल्यास काय करावें, हें सर्व त्या चौकोनांवरून ठरे. आठवडा संपण्यापूर्वीं चौकोन भरला नाहीं तर पुष्कळदां तें धान्य बुडे. म्हणून हातीं पैसा येण्याचा दिवस व दुकानाचा दिवस यांचा मेळ घालणें हेंच काटकसरीचें मुख्य काम होतें. अंकांच्या मागें असलेली ही घरगुती धांवपळ राजकीय कागदांत कोठें उमटत नाहीं.

कालनिर्णयाच्या दृष्टीनें नागपूरची पत्रिका इतर ठिकाणच्या पत्रिकेहून अधिक बोलकी आहे, असें आमचें मत आहे. एकाच मोहल्ल्यांतील घरावर अवघ्या दहा-अकरा वर्षांत चार नांवांचें राज्य झालें. शिरोभागीं मध्यप्रांत व वऱ्हाड असेल तर कागद २६ जानेवारी १९५० च्या पूर्वींचा. मध्यप्रदेश असेल तर तेव्हांपासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंतचा. मुंबई राज्य असेल तर ३० एप्रिल १९६० पर्यंतचा. आणि त्यानंतर महाराष्ट्र. याशिवाय नाणें व वजन हे दोन साक्षीदार आहेत. आणे-पैंच्या जागीं नये पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले आणि १९६४ मध्यें त्यांतील ‘नये’ हें विशेषण गळालें. शेर-छटाकांच्या जागीं किलोग्राम १९५८ पासून क्रमाक्रमानें येऊन १९६२ मध्यें सक्तीचा झाला. तेव्हां मुंबई राज्याचें नांव, नये पैशांत दर आणि शेरांत माप असा कागद हातीं आला, तर तारीख फाटलेली असली तरी तो १९५७ ते १९६० या तीन वर्षांतला, असें निःशंक म्हणतां येतें. मात्र एक सावधगिरी हवी. छापील नमुने उरले म्हणजे जुन्या नांवावर शाई फिरवून तेच वापरावयाचे, हा कचेऱ्यांचा जुना रिवाज आहे. म्हणून मथळ्यापेक्षां दुकानदाराच्या नोंदीवर अधिक विश्वास ठेवावा.

नांवांच्या यादीसही खानेसुमारी समजूं नये. पत्रिकेंतील नांव म्हणजे धान्याचा वांटा. मयत माणसाचें नांव लवकर कमी होत नाहीं, परगांवीं शिकणारा मुलगा कागदावर घरींच राहतो, आणि विभक्त झालेले भाऊ सोयीप्रमाणें एकत्र किंवा वेगळे दिसतात. इनामांच्या यादींत जशी लबाडी असते तशी येथेंही आहे, फक्त येथील लबाडी पोटाची आहे.

भाषेंतही या कागदानें ठसा ठेविला आहे. नियंत्रण जाऊन कित्येक पिढ्या झाल्या तरी विदर्भांत स्वस्त धान्याच्या दुकानास लोक अद्याप ‘कंट्रोल’ म्हणतात. १९७२ च्या दुष्काळांतील तांबडा मिलो ज्यांनीं खाल्ला, त्यांच्या तोंडीं तर हा शब्द एका चवीसहित येतो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्रांत १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या पत्रिका झाल्या. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत तो पिवळा, एक लाखापर्यंत केशरी, त्यावरचा शुभ्र. मोगलाईंत पोषाखावरून दर्जा कळे, येथें कागदाच्या रंगावरून कळूं लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तांदूळ तीन व गहूं दोन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून त्या कायद्याखालील धान्य विनामूल्य मिळूं लागलें. अशा रीतीनें शिधा पुन्हां जुन्या अर्थानें शिधा झाला. परंतु संशोधकाची हानि येथेंच आहे. आतां दुकानीं बोटाचा ठसा घेणारें यंत्र आहे, आणि नोंद त्याच्या पोटांत जाते. महिनोगणती भरलेले चौकोन, दुकानदाराची सही, शाईचा डाग, यांतील कांहींही पत्रिकेवर राहत नाहीं.

जें उरलें आहे त्यासही फार काळ नाहीं. दौलताबादी व जुन्नरी कागद दोनशें वर्षें टिकला, पण युद्धकाळांतील हलका कागद ऐंशी वर्षांतच पिवळा पडून घडीवर तुटूं लागतो. संग्राहकांनीं या पत्रिकांस चिकटपट्टी लावूं नये, प्लास्टिकांत वितळवून बंद करूं नये, घडी उलगडून दोन निर्लेप कागदांत सपाट ठेवावी. कापलेल्या कडा व कोरीं पानेंही टाकूं नयेत, कारण न उचललेलें धान्य तेवढ्यावरूनच कळतें. पत्रिका महाल, इतवारी कीं सक्करदरा येथील, घरांत त्या वेळीं माणसें किती होतीं, दुकानावर कोण जात असे, हें त्या घरचीं वडीलधारीं माणसें हयात आहेत तोंवर विचारून पाठीमागें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें; आणि प्रसिद्ध करतांना हयात माणसांचीं नांवें गाळावीं.