ब्राउझरचा चेहरा बदलला की लोक का चिडतात? फायरफॉक्स प्रोटॉन आणि इतर काही उदाहरणं

माझ्या मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्ससोबत ऑनलाइन फॉर्म भरून देणं, हॉल तिकिटं काढून देणं, लाइट बिल भरणं अशीही कामं चालतात. ॲडमिशनच्या दिवसांत एका सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, माझं प्रिंटचं बटण कुठे गेलं?" रात्री ब्राउझर आपोआप अपडेट झाला होता. उजवीकडून तिसरं बटण म्हणजे प्रिंट, असं त्यांच्या हाताला पाठ होतं. आता त्या जागी बोट गेलं की भलतंच काहीतरी उघडत होतं, आणि समोर सात-आठ जणांची रांग.

मी इंजिनिअर. सहज बोलून गेलो, "मामा, दोन दिवसांत सवय होईल." त्यावर ते म्हणाले, "सवय मला होईल रे. आज रांगेतल्या माणसाला काय सांगू?"

त्या वाक्यानंतर मी या विषयाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आमच्या क्षेत्रात अशा तक्रारींना "लोकांना बदल आवडत नाही" असं लेबल लावून बाजूला ठेवायची पद्धत आहे. मीही ते केलंय. पण नीट वाचलं तर या तक्रारी एका प्रकारच्या नसतात. त्या वेगवेगळ्या कशा ओळखायच्या आणि आपल्या ब्राउझरचं रूप बदललं तर काय करायचं, ते या लेखात बघूया. मुख्य उदाहरण फायरफॉक्सचं घेतलंय, कारण त्याचं रूप अनेकदा बदललं आणि दर वेळी त्यावर मोठी चर्चा झाली.

फायरफॉक्सची तीन मोठी रूपांतरं

ऑस्ट्रेलिस (२९ एप्रिल २०१४, आवृत्ती २९): टॅबना गोल वळणदार कडा आल्या. विंडोजवरचं केशरी "फायरफॉक्स" बटण गेलं आणि उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचा मेनू आला. खालची ॲड-ऑनची पट्टी काढून टाकली.

फोटॉन (१४ नोव्हेंबर २०१७, आवृत्ती ५७): हीच "क्वांटम" नावाने गाजलेली आवृत्ती. टॅब पुन्हा चौकोनी झाले आणि ब्राउझर खरोखरच वेगवान झाला. पण याच आवृत्तीत जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स बंद पडली.

प्रोटॉन (१ जून २०२१, आवृत्ती ८९): टॅब पट्टीपासून सुटे झाले आणि तरंगत्या बटणांसारखे दिसायला लागले. दोन टॅबमधली रेघ गेली. मेनूमधल्या बऱ्याच ओळींसमोरची छोटी चित्रं काढली. ॲड्रेस बारमधला तीन ठिपक्यांचा मेनूही गेला. टॅबची पट्टी आधीपेक्षा उंच झाली, आणि "कॉम्पॅक्ट" म्हणजे आटोपशीर मांडणीचा पर्याय नव्या वापरकर्त्यांना दिसेनासा झाला.

मोझिलाचं म्हणणं होतं की पसारा कमी करायचा, मेनू सोपे करायचे, सारख्या येणाऱ्या सूचना कमी करायच्या. हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. नवीन माणसाला प्रोटॉन खरंच सुटसुटीत वाटतो. मग लोक चिडले कशावर?

तक्रारींचे तीन प्रकार

१. सवयीची तक्रार

"आधीचंच बरं होतं", "टॅब बटणासारखे का दिसतात", वगैरे. रोज शेकडो वेळा केलेली कृती आपण डोळ्यांनी शोधत नाही, हात आपोआप तिथे जातो. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुणी दुसऱ्या फळीवर ठेवला तर आपण काही दिवस जुन्याच फळीकडे हात नेतो, तसंच हे.

या तक्रारी बहुतेक वेळा काही आठवड्यांत शांत होतात. ऑस्ट्रेलिसच्या वेळी वळणदार टॅबवर टीका झाली, आणि ते टॅब फोटॉनमध्ये गेले तेव्हा "ते छान होते" म्हणणारेही निघाले! पण तक्रार शांत होते म्हणजे ती खोटी होती असं नाही. त्या काही आठवड्यांचा खर्च कुणीतरी सोसलेला असतो, आणि तो खर्च कधी करायचा हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. मामांना तो ऐन ॲडमिशनच्या गर्दीत करावा लागला.

२. गमावलेल्या सोयीची तक्रार

इथे एखादी गोष्ट हलवलेली नसते, ती गेलेलीच असते. अशा तक्रारी वेळ गेला म्हणून विरत नाहीत.

ऑस्ट्रेलिसनंतर जुनं रूप परत आणणारं "क्लासिक थीम रिस्टोरर" हे ॲड-ऑन आलं. आवृत्ती ५७ मध्ये जुनी ॲड-ऑन्सच बंद झाली तेव्हा तेही संपलं. पेल मून या फायरफॉक्सपासून निघालेल्या ब्राउझरने मात्र ऑस्ट्रेलिसच्या आधीची मांडणी तशीच ठेवली.

त्याहून मोठं उदाहरण ऑपेराचं. जुलै २०१३ मध्ये आलेल्या ऑपेरा १५ ने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियमचा पाया घेतला. दिसणं बदललंच, पण बुकमार्कची नेहमीची व्यवस्था, आतलं ईमेल आणि मनासारखी मांडणी करण्याच्या कितीतरी सोयी त्या आवृत्तीत नव्हत्याच. ऑपेराचे जुने चाहते दुखावले. कंपनीचे सहसंस्थापक जॉन फॉन टेट्झनर त्याआधीच, २०११ मध्ये बाहेर पडले होते. त्यांनी पुढे विवाल्डी हा ब्राउझर काढला. एप्रिल २०१६ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. "तुम्हाला हवी तशी मांडणी करा" हाच त्याचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे एका ब्राउझरने काढून टाकलेल्या सोयींवर दुसरा ब्राउझर उभा राहिला.

फोनवरही असंच झालं. ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स नव्याने लिहून आला. वेग वाढला, पण सुरुवातीला मोजकीच ॲड-ऑन्स चालत होती. सगळ्यांसाठी ॲड-ऑन्सचं दार पुन्हा उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला.

३. न दिसण्याची तक्रार

ही सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्रोटॉनमध्ये टॅबमधली रेघ गेल्यावर अनेकांनी सांगितलं की एक टॅब कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नाही, चालू टॅब पटकन ओळखू येत नाही. धडधाकट डोळ्यांच्या तरुण डिझायनरला, मोठ्या चांगल्या स्क्रीनवर हा फरक जाणवणारही नाही. साठीतल्या माणसाला जुन्या, फिकट पडलेल्या मॉनिटरवर तो नक्की जाणवतो.

याला मोजमापही आहे. डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बटणासारखा घटक ओळखू येण्यासाठी त्याचा आणि आजूबाजूच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा. त्यामुळे "फिकट दिसतंय" ही नुसती आवडनिवड राहत नाही, ती तपासून बघता येते.

उंचीचंही तसंच. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर १३६६ × ७६८ ची स्क्रीन सर्रास दिसते. उभी जागा फक्त ७६८ पिक्सेल. त्यातून खालची टास्कबार, वरचे टॅब, ॲड्रेस बार आणि बुकमार्कची पट्टी वजा केली की पानाला काय उरतं? अशा स्क्रीनवर फॉर्म भरणाऱ्याला थोडीशी वाढलेली पट्टीही खटकते.

आणि मेनूमधली चित्रं? इंग्रजी वाचताना अडखळणारा माणूस मेनू शब्दांनी वाचत नाही, चित्रांनी ओळखतो. त्याच्यासाठी ते छोटं चित्र म्हणजेच बटणाचं नाव. फायरफॉक्स आणि क्रोम मराठीतही वापरता येतात, पण सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते बहुधा इंग्रजीतच असतात.

तक्रार केल्याने काही होतं का?

होतं. दोन उदाहरणं सांगतो.

जून २०२१ मध्ये ॲपलने सफारी १५ चं नवं रूप दाखवलं. आयफोनवर ॲड्रेस बार खाली आणून तरंगता केला होता, आणि मॅकवर टॅब व ॲड्रेस बार एकाच ओळीत बसवले होते. चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांनी भरपूर टीका केली. सप्टेंबरमध्ये अंतिम आवृत्ती आली तेव्हा आयफोनवर बार पुन्हा वर नेण्याचा पर्याय होता, आणि मॅकवर टॅबची वेगळी ओळ परत आली होती. एकाच ओळीची मांडणी फक्त पर्याय म्हणून उरली.

दुसरं, सप्टेंबर २०१८ चं क्रोम ६९. गोलसर टॅबसोबत गुगलने पत्त्यातलं "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू" दाखवणंही बंद केलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे गोंधळाचं आहे अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच तो बदल मागे घेतला. पुढच्या वर्षी क्रोम ७६ मध्ये तो परत आला हेही खरं! पण आज ॲड्रेस बारवर राइट क्लिक करून पूर्ण पत्ता कायम दाखवण्याचा पर्याय निवडता येतो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. टीका चाचणीच्या काळात झाली तर डिझाइन बदलणं सोपं जातं. एकदा सगळ्यांना अपडेट गेलं की जुनं आणि नवं अशी दोन रूपं सांभाळावी लागतात. प्रत्येक नवी सोय दोनदा तपासायची, प्रत्येक बग दोनदा शोधायचा. म्हणून कंपन्या जुन्या रूपाचा छुपा स्विच थोडे दिवस ठेवतात आणि मग काढतात. प्रोटॉन बंद करण्याचा स्विच आवृत्ती ९१ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांत गेला.

तुमच्या ब्राउझरचं रूप बदललं तर काय कराल?

खालचे उपाय फायरफॉक्ससाठी आहेत. सोप्याकडून अवघडाकडे जाऊया.

टूलबार मांडून घ्या. टूलबारवरच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करून "कस्टमाइज टूलबार" निवडा. प्रिंटसारखं हवं ते बटण ओढून हव्या त्या जागी ठेवा.

थीम बदला. चालू टॅब ओळखू येत नसेल तर ज्यात तो ठळक रंगाचा दिसतो अशी थीम घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉम्पॅक्ट मांडणी परत आणा. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, मग कोलन चिन्ह, मग कॉन्फिग असं जोडून टाइप करा. इशारा स्वीकारून पुढे जा, "कॉम्पॅक्टमोड" हा शब्द इंग्रजीत शोधा आणि सापडलेलं सेटिंग ट्रू करा. मग कस्टमाइज पानावर तो पर्याय दिसतो. त्यासमोर "सपोर्टेड नाही" असं लिहिलेलं असेल, पण तो चालतो.

ईएसआर आवृत्ती वापरा. ही ऑफिस आणि संस्थांसाठी असते. मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच येतात, सुरक्षेची अपडेट मात्र येत राहतात. नवं रूप कायमचं टळत नाही, पण तयारीला वेळ मिळतो.

युजरक्रोम फाइल. सीएसएस येत असेल तर या फाइलने ब्राउझरचं रूप हवं तसं बदलता येतं. आवृत्ती ६९ पासून त्यासाठी आधी एक सेटिंग चालू करावं लागतं. पुढच्या अपडेटमध्ये ही जुळवाजुळव मोडू शकते, म्हणून दुकानाच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर मी हे करत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. जुनं रूप हवं म्हणून अपडेट बंद करून बसू नका. उघड झालेल्या सुरक्षेच्या त्रुटी जुन्या आवृत्तीत तशाच राहतात, आणि त्याच मशीनवरून लोकांचे बँकेचे व्यवहार होत असतात.

आणि तक्रार कराल तेव्हा "घाण केलीय" एवढंच लिहून थांबू नका. कोणतं काम करत होता, आधी किती क्लिक लागायचे, आता किती लागतात, स्क्रीन केवढी, आवृत्ती कोणती, हे लिहा. शक्य असेल तर स्क्रीनशॉट जोडा. फायरफॉक्ससाठी बगझिला आणि मोझिला कनेक्ट या दोन जागा आहेत. कनेक्टवर अनेकांनी मागितलेले टॅब ग्रुप आणि उभे टॅब २०२५ मध्ये खरंच ब्राउझरमध्ये आले. इंजिनिअर म्हणून सांगतो, "आवडलं नाही" या वाक्याचं आम्ही काही करू शकत नाही. "प्रिंटला एक क्लिक लागायचा, आता तीन लागतात" याचं करू शकतो.

मामांकडे मी पुढच्या रविवारी गेलो. प्रिंटचं बटण पुन्हा उजवीकडून तिसरं करून दिलं. शिवाय एका कागदावर मोठ्या अक्षरात चार शॉर्टकट लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवले: प्रिंटला कंट्रोल-पी, नव्या टॅबला कंट्रोल-टी, ॲड्रेस बारवर जायला कंट्रोल-एल, चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी. रूप कितीही बदललं तरी हे शॉर्टकट वर्षानुवर्षं तेच राहिलेत. त्यानंतर ब्राउझर दोनदा बदलला. मामांचा फोन आला नाही.