गोधडीच्या पोटातलं गाव

नवरात्र तोंडावर आलं की आपल्याकडं दसरा काढायची धांदल उडते. घट बसायच्या आत घरातलं फडकंन् फडकं धुतलं गेलं पाहिजे, हा आपला नेम. त्यात सगळ्यांत जड काम गोधड्यांचं. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, पिळायला दोघी लागतात. आज त्या गोधडीचाच इतिहास सांगायचा आहे. गटांच्या बैठकीत हल्ली वारंवार प्रश्न येतो, की पर्यावरणपूरक वस्तू करायच्या म्हणजे काय करायचं आणि भांडवल कुठून आणायचं. त्याचं थोडं उत्तर या इतिहासातच आहे.

धरणाच्या आधी भीमेच्या काठाला वाळू होती. आज ज्यांचं वय साठ-पासष्टच्या पुढं आहे, त्यांनी ती पाहिली आहे. करमाळा, माढा, पलीकडं इंदापूर, या सगळ्या गावांच्या बाया गोधड्या बैलगाडीत घालून नदीवर न्यायच्या. आदल्या रात्री धुण्याच्या सोड्यात नाहीतर रिठ्याच्या पाण्यात भिजवायच्या, नदीवर पायांनी तुडवायच्या आणि वाळूवर पसरून द्यायच्या. उन्हानं ढेकूण-पिसवा मरायच्या, वाळू झटकली की कापड मोकळं. रिठ्याला फेस येतो तो त्याच्या सालीतल्या सॅपोनिन नावाच्या पदार्थामुळं. हे नाव आपल्या आज्यांना माहीत नव्हतं, पण किती रिठे फोडले की किती लुगडी निघतात हा हिशोब त्यांना तोंडपाठ होता.

गोधडी कशी शिवतात हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. तरी नव्या सुनांसाठी सांगते. उन्हाळ्यात रानातली कामं उरकली की देवळाच्या नाहीतर वाड्याच्या सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडं ताणून अंथरायचं. कडांवर दगड ठेवायचे. त्यावर जुनी धोतरं, उसवलेली परकर-पोलकी, मुलांचे सदरे, शिवणी सोडवून, सपाट करून, एकावर एक लावायचे. जाड शिवण आत राहिली तर रात्रभर पाठीला टोचते, म्हणून ती काढायचीच. वरून दुसरं लुगडं. मग बाहेरच्या कडेनं टाका धरायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. समोरासमोर दोघी-चौघी बसल्या तर काम पुढं सरकतं आणि गप्पाही होतात. कोणाच्या लेकीचं काय चाललंय, कोणाला सासरी जाच आहे, हे त्या टाक्यांबरोबर गावभर कळायचं. आणि काही वर्षांनी गोधडी विरली, की ती फेकायची नाही. तीच नव्या गोधडीच्या पोटात भरायची. म्हणून जुन्या गोधडीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची कापडं सापडतात.

ते कापड यायचं कुठून? बरंचसं सोलापुरातून. सोलापुरात १८७७ साली मोठी कापड गिरणी सुरू झाली, लोक तिला जुनी गिरणी म्हणतात. पुढं आणखी गिरण्या आल्या. पद्मशाली विणकरांचे हातमाग होते, मग यंत्रमाग आले, सोलापुरी चादरीचं नाव देशभर झालं. आता गंमत बघा. चादरीच्या जिल्ह्यातच गावोगाव लोक गोधडी पांघरत होते, कारण चादरीला रोख पैसे लागायचे. गोधडीला लागायची फक्त सुई, दोरा आणि बाईचा वेळ. दोरासुद्धा पुष्कळदा जुन्या लुगड्यातून ओढून, दोन-तीन पदरी पीळ देऊन वापरायच्या. बाईचा वेळ मात्र कोणी मोजला नाही. ही काटकसर आपण आता कौतुकानं सांगतो, पण ती हौसेची नव्हती, हे विसरून चालणार नाही.

हौसेची नव्हती हे जगात इतर ठिकाणीही दिसतं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडच्या सरकारनं १९४३ साली पुस्तिका छापून बायकांना जुनं कसं दुरुस्त करावं हे शिकवलं. अमेरिकेत मंदीच्या काळात पिठाच्या पोत्यांच्या कापडाचे फ्रॉक शिवायचे, म्हणून पीठवाल्यांनी पोत्यांवर फुलं छापायला सुरुवात केली. जपानच्या थंड उत्तर भागात शेतकरी बायकांनी ठिगळावर ठिगळ लावलेले जे कपडे घातले, ते आज संग्रहालयात काचेमागं ठेवलेत. बंगालात जुन्या साड्यांची कांथा, आपल्याकडं वाकळ. आपल्या गाडगेबाबांना तर चिंध्यांच्या अंगरख्यामुळं लोक गोधडे महाराज म्हणायचे. डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा, अंगावर ठिगळं. पंढरपुरात त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र तसेच राहिले.

आता धरणाकडं येते. साठच्या दशकात उजनीच्या कामाला हात लागला आणि १९८० साली धरण पूर्ण झालं. माढा तालुक्यात भिंत, आणि तिच्या मागं सोलापूर, पुणे, नगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं पाणी. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्याला नाव दिलं यशवंतसागर. पुनर्वसनाचा कायदा राज्यानं १९७६ साली केला. पण कायदा कागदावर आणि पाणी उंबऱ्यावर, अशी काही गावांची गत झाली.

त्या दिवसांत घरं उतरवली गेली. घर पाडलं असं आपल्याकडच्या जुन्या बाया म्हणत नाहीत, उतरवलं म्हणतात. माळवदाची घरं होती. वरची पांढरी माती खाली ओढायची, मग किलचान, मग तुळया, खांब, दाराच्या चौकटी, कोनाड्यांच्या फळ्या. एकेक लाकूड सुटं करून गाडीत घालायचं आणि नव्या गावठाणात पुन्हा उभं करायचं. आजही काठावरच्या नव्या गावठाणांत सिमेंटच्या भिंतीला मध्येच एखादी नक्षीची सागवानी चौकट दिसते, ती बहुधा खालच्या गावातून वर आलेली असते. रेल्वेचंही तेच झालं. जुना मार्ग बदलावा लागला, आणि डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला रेल्वेपूल पुढं कित्येक वर्षं करमाळा आणि इंदापूरच्या लोकांनी रस्त्याचा पूल म्हणून वापरला.

सगळंच मात्र हलवता आलं नाही. जमिनीत खोदलेलं पेव, ज्यात कडब्याचा थर देऊन ज्वारी साठवायची, ते तिथंच राहिलं. तुराट्यांच्या विणलेल्या, शेणमातीनं लिंपलेल्या मोठ्या कणग्या गाडीत मावेनात. चुली तर कोण नेतं? पळसदेवचं जुनं महादेवाचं देऊळ पाण्यात गेलं. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं, २०२४ च्या उन्हाळ्यात लोक ते बघायला गेले होते. बायकांनी नेलं ते बोचक्यात मावेल ते. आणि बोचकं बांधलं गोधडीत. चार कोपरे धरून गाठ मारली की आत पातेली, पाटा, देव, सगळं बसतं. जी गोधडी जुन्या गावात शिवली होती, तिच्यातच गुंडाळून संसार वर आला.

पाणी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. ऊस आला, पैसा आला. आणि त्याच सुमाराला नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, वाळायला लवकर, फाटत नाहीत. बाईला त्या आवडल्या तर नवल काय? नऊवारी सुती लुगडं पिळताना खांदे भरून यायचे. पण गोधडीचं गणित तिथं बिघडलं. पॉलिस्टर घाम टिपत नाही, घसरतं, आत गोळा होतं. मग बोहारीण आली. स्टीलचं पातेलं, डबा, ताट, आणि बदल्यात चार-पाच साड्या. विंचरताना निघालेले केससुद्धा गोळा करून विकले आपण. बोहारणीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या मते गावातला जुन्याचा पुरता बाजार तिनंच चालवला. नको झालेलं कापड उकिरड्यावर न जाता दुसऱ्याच्या अंगावर गेलं. तोटा झाला तो एवढाच, की चांगली सुती लुगडीही तिच्या गाठोड्यात गेली.

भांडी घासायचंही तसंच बदललं. चुलीची राख आणि नारळाचा काथ्या, नाहीतर कुंपणावर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. १९६९ साली गुजरातेत निरमा निघाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्त धुण्याची पावडर खेड्यापर्यंत आली. गॅस आला, तशी राखही संपली. गॅसला मी नाव ठेवणार नाही. धुरानं डोळे गेलेल्या बाया मी पाहिल्यात. पण ज्यांच्याकडं अजून पाणी तापवायला चूल आहे, त्यांनी एक पाळावं. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. तो धूर विषारी असतो आणि ती राख भांड्याला लावायच्या लायकीची राहत नाही.

पावडरीची गोष्ट आपल्या धरणाला येऊन भिडते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमा उजनीत. त्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. धरणाच्या पाण्यात गोधडी धुतली तर हिरवा वास राहतो, ही तक्रार तुम्हीच मला करता. एवढ्या मोठ्या शहरांच्या घाणीपुढं आपल्या काठावरचं धुणं कितीसं? फार नाही. पण शहराला बोल लावताना आपल्या घाटावरची पावडर आणि काठावर टाकलेल्या पिशव्या तेवढ्या झाकून ठेवायच्या, हेही बरं नाही. मासेमारांच्या जाळ्यात चिलापीबरोबर प्लॅस्टिक येतं, ते सगळंच पुण्याचं नसतं.

आता पिशव्यांचं. राज्यानं मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीचा आदेश काढला, थर्मोकोलच्या ताट-वाट्याही त्यात होत्या. त्या वेळी बऱ्याच गटांनी कापडी पिशव्या शिवल्या. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की नवं कोरं कापड विकत आणून पिशवी शिवण्यात फारसा अर्थ नाही. कापूस पिकवायला पाणी, फवारणी, खत सगळं लागतं. अशी पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच ती प्लॅस्टिकपेक्षा बरी. बाजारात कापडासारखी दिसणारी जी पातळ रंगीत पिशवी मिळते, ती तर प्लॅस्टिकच आहे. ओढून बघा, धागा निघत नाही. त्यापेक्षा जी पॉलिस्टरची साडी गोधडीला चालत नाही, तिची पिशवी उत्तम होते. वजन पेलते, पावसात भिजून जड होत नाही. काठाची पट्टी बंदाला वापरावी. उरलेल्या पट्ट्यांची तिपेडी वेणी घालून पायपुसणं करावं. ज्यांना कातरण हवी, त्यांनी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांकडं चौकशी करावी. पत्रावळीचंही बघा. पळसाची पानं असलेल्या भागातल्या गटांना ते काम जमेल. कंदर भागात केळीची खोडं बांधावर कुजतात, त्यांच्या सोपटाच्या दोऱ्यानं हारवाले पूर्वी हार बांधायचे.

सुती कापड मात्र बाजूला काढा. बाळाची दुपटी-लंगोट त्याचीच व्हावीत, नव्या कापडापेक्षा ते मऊ असतं. पाळीच्या घड्याही त्याच्या चालतात. फक्त त्या स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळवायच्या. अडगळीत, अंधारात, कोणी बघू नये म्हणून ओलसर वाळवल्या तर आजार होतो. दोष कापडाचा नाही, लपवण्याचा आहे.

आणि गोधडी विकायला काढणार असाल तर दोन गोष्टी. पुण्या-मुंबईत आता गोधडीला गिऱ्हाईक आहे. ते चांगलं नवं कापड मागतं आणि भाव पाडून मागतं. भाव सांगताना कापड धरू नका, दिवस धरा. दोघींना किती दिवस लागले, त्या दिवसांत रानात मजुरी किती मिळाली असती, ते आधी मांडा. आपल्या आज्यांचा वेळ फुकट गेला, तुमचा जायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट या दसऱ्याची. ज्यांच्या घरात धरणाच्या आधीची गोधडी असेल, ती विरली म्हणून लगेच नव्या गोधडीच्या पोटात घालू नका. आधी एका कडेचे वीतभर टाके उसवा, आतले थर बघा. कोणतं लुगडं, कोणाचं धोतर, कुठल्या बाजारातून आणलेलं, ते घरातल्या थोरल्या बाईला विचारा. ती हात फिरवून सांगेल. सांगितलेलं एका वहीत उतरवा, खाली जुन्या गावाचं नाव लिहा, आणि ती वही पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या.