मोतीबिंदूच्या सावलीतले दोन आजार

रावेर तालुक्यात डोळ्यांच्या आजारांची नावे दोन भाषांत चालतात. गावात मोतीबिंदू आणि काचबिंदू. बऱ्हाणपूरच्या बाजूला गेले की सफेद मोतिया आणि काला मोतिया. दोन्ही भाषांनी या आजारांना सख्ख्या भावंडांसारखी नावे दिली आहेत. वस्तुतः त्यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. काचबिंदूत, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते.

नावातल्या या नात्याने आपले फार नुकसान केले, असे माझे मत आहे. मोतीबिंदू ‘पिकतो’, पिकला की काढतात आणि माणसाला पुन्हा दिसू लागते. ‘पिकू द्या, मग बघू’ हा सल्ला अडाणीपणाचा नव्हता. भिंगाची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीने होत असे तेव्हा डॉक्टरच तो देत असत. पण तोच सल्ला शेजारच्या नावाला चिकटला. काचबिंदू पिकत नाही. तो वाट पाहणाऱ्याची नजर कडेकडून खात मध्याकडे येतो आणि खाल्लेली नजर कोणतीही शस्त्रक्रिया परत देत नाही.

दुसरा आजार म्हणजे आपण ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो तो. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया किंवा पारपटल, जखमेने वा संसर्गाने पांढरा पडतो. महाराष्ट्रातल्या नेत्रसेवेचा इतिहास सांगताना मोतीबिंदूची शिबिरे आठवली जातात, आणि ते योग्यही आहे. मात्र त्या मोठ्या झाडाच्या सावलीत हे दोन आजार कसे राहिले, हे क्वचितच पाहिले जाते.

जुन्या वैद्यकाला दोन्ही ठाऊक होते. सुश्रुताने नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे. त्यात कृष्णमंडलाचे, म्हणजे बुबुळाचे, रोग वेगळे काढून सव्रण आणि अव्रण ‘शुक्र’ सांगितले आहेत. व्रण असलेले फूल आणि व्रण भरून राहिलेले फूल हा भेद आजचा डॉक्टरही करतो. ‘काच’ हा शब्द मात्र तिथे दृष्टी मंदावण्याच्या एका टप्प्यासाठी येतो. त्याचा आपल्या काचबिंदूशी सरळ मेळ बसत नाही. अभ्यासक काचबिंदूशी जुळवतात तो ‘अधिमंथ’. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना आणि अर्धे डोके ठणकणे ही त्याची लक्षणे. हा झाला दाब एकाएकी चढणारा प्रकार. न दुखता, न लाल होता वर्षानुवर्षे नजर नेणारा प्रकार कोणालाच नीट ओळखता आला नव्हता, कारण जिवंत माणसाच्या डोळ्यातली नस पाहण्याचे साधनच नव्हते. ते हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जर्मनीत दिले. १८५७ मध्ये फॉन ग्रेफने बर्लिनमध्ये कनीनिकेचा तुकडा कापून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. दाब एकाएकी चढलेल्या डोळ्यांना ती तारत असे. संथ काचबिंदूपुढे तिचे फारसे चालेना.

आपल्याकडे तेव्हा गावोगाव हिंडणारे वैदू सुईने पिकलेले भिंग डोळ्यात खाली ढकलत. रुग्णाला त्याच क्षणी उजेड दिसे, वैदू मोबदला घेऊन पुढच्या गावी जाई. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या प्रथेवर पहिल्या महायुद्धाच्या काळात एक ग्रंथच लिहिला. असे कितीतरी डोळे पुढे सूज येऊन आणि दाब वाढून कायमचे जात, हे त्यांनी दाखवले. मोतीबिंदूवरचा हा उपाय काचबिंदूला जन्म देत होता, आणि तो दिसेपर्यंत वैदू दूर गेलेला असे.

संथ काचबिंदूवरच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात एक दुवा भायखळ्याचा आहे. मुंबई ते जबलपूर हा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या त्याच मार्गावर रावेर स्थानक आहे. आपल्या गाड्या ज्या मुंबईला जात, तिथे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले नेत्ररुग्णालय होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची सूत्रे मेजर हर्बर्ट हर्बर्ट या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांकडे होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या बारकाव्यांवरचे त्यांचे पुस्तक १९०३ चे. त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या नेत्रवैद्यक सभेच्या कामकाजात संथ काचबिंदूवर एक निबंध प्रसिद्ध केला.

त्यातली कल्पना साधी वाटते, पण पुढची शंभर वर्षे तिच्यावर चालली. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि कडेच्या बारीक चाळणीतून बाहेर जाते. चाळणी तुंबली की दाब वाढतो. बुजलेली चाळणी साफ करता येत नसेल, तर पाण्याला दुसरी वाट काढून द्यावी. शेतात तुंबलेल्या पाण्याला बांध फोडून चारी काढतात तसे. पण डोळ्याची जखम भरून येण्यासाठीच असते; काढलेली वाट दोन आठवड्यांत बुजते. हर्बर्ट यांनी कनीनिकेची घडी त्या चिरेत अडकवून ठेवली, म्हणजे वाट उघडी राहील आणि पाणी डोळ्यावरच्या पातळ आवरणाखाली झिरपत राहील. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये लाग्रांज यांनी शुभ्रपटलाचा तुकडाच कापून काढला. १९०९ मध्ये मद्रासला एलियट यांनी बारीक गोल पात्याने भोक पाडण्याची पद्धत सुरू केली आणि ती जगभर गेली. त्या भोकावर पातळ आवरणापलीकडे काही नसे, त्यामुळे पुढे संसर्गाची भीती राही. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी भोकावर शुभ्रपटलाचीच अर्धी झडप ठेवण्याची पद्धत मांडली. आज जळगावात वा धुळ्यात काचबिंदूची जी शस्त्रक्रिया होते ती बहुधा तिचीच सुधारलेली आवृत्ती असते.

एवढी मोठी गोष्ट मुंबईत आणि मद्रासमध्ये घडत असताना ती तापीकाठी का पोहोचली नाही? केवळ अंतरामुळे नव्हे. मोतीबिंदू विजेरीच्या उजेडात ओसरीवर ओळखता येतो. काचबिंदूसाठी दाब मोजावा लागतो, नस पाहावी लागते, कडेची नजर तपासावी लागते, आणि हे सारे पुन्हापुन्हा करावे लागते. दाब मोजण्याचे शिऑट्झचे वजनी उपकरण १९०५ पासून होते, पण मोजल्यावर पुढे काय? थेंब रोज, जन्मभर. १८७० च्या दशकात पिलोकार्पिन आले, त्यानंतर शंभर वर्षांनी टिमोलॉल, मग लॅटॅनोप्रोस्ट. औषधे सुधारत गेली, अट तीच राहिली. थेंबांनी नजर वाढत नाही, आहे ती टिकते. जो माणूस केळीच्या घडाला भाव मिळाला तर औषधाला पैसे काढतो, त्याला न दिसणाऱ्या फायद्यासाठी दरमहा बाटली घ्यायला सांगणे किती कठीण आहे, हे इथल्या कोणत्याही डॉक्टरला विचारावे.

शिबिर या संस्थेची घडणच मोतीबिंदूसाठी होती. शाळेच्या वर्गात वा धर्मशाळेत खाटा मांडायच्या, दोन दिवसांत शस्त्रक्रिया करायच्या, पट्टी सोडायची, चष्मा द्यायचा. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूविरोधी मोहीम झाली, त्यात महाराष्ट्र होता. शाळेतल्या शस्त्रक्रिया रुग्णालयात गेल्या, डोळ्यात कृत्रिम भिंग बसू लागले. हे यश खरे आहे आणि त्याने लाखोंना नजर दिली. पण कार्यक्रम जे मोजतो तेच वाढते. मोजल्या जात होत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया. टिकवून ठेवलेली नजर कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे, ८.२ टक्के फुलामुळे आणि ५.५ टक्के काचबिंदूमुळे आढळले. वरवर पाहता पहिल्या आकड्यापुढे बाकीचे किरकोळ. पण पहिल्यातले बहुतेक अंधत्व उलटवता येते, काचबिंदूचे कधीच नाही. आणि पन्नाशीच्या आतल्यांचे आकडे पाहिले तर चित्र पालटते. तिथे अंधत्वाचे पहिले कारण फूल आहे, ३७.५ टक्के. म्हातारपणाचा आजार आपल्याला पाठ झाला. कमावत्या वयाचा आणि पोरांचा आजार नजरेआड राहिला.

तो कुठून येतो हे शेतीच्या गावाला सांगायला नको. ज्वारीचे धसकट, पऱ्हाटीचे टोक, मळणीचा भुसा, केळीचे वाळलेले पान काढताना डोळ्याला बसलेला फटकारा. ओरखडा छोटाच असतो, पण झाडपाल्याबरोबर बुरशी आत जाते. मग कोणी मध घालतो, कोणी तूप, कोणी जिभेने कण काढतो. हल्ली मेडिकलमधून लाली घालवणारे स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. लाली जाते, बुरशी फोफावते. पूर्वी यात खुपऱ्यांची भर होती. खुपऱ्यांनी बुबुळाच्या कडेला राहणारे खळगे आजही जगभर ‘हर्बर्टचे खळगे’ म्हणून ओळखले जातात; हर्बर्ट तेच, भायखळ्याचे. देवी आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव यांनी किती पोरांचे डोळे नेले, याची आठवण जुन्या घरांत अजून आहे.

नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासाने यावर एक उत्तर दाखवून दिले. २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेवकांनी ओरखडा आलेल्या डोळ्यांत साधे क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घातले. अशा ४४२ रुग्णांपैकी ज्यांना अठरा तासांच्या आत मलम मिळाले, त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही. इथे डॉक्टरही लागला नाही, वेळेवर घातलेले मलम पुरले.

फूल पडल्यावर मात्र उपाय एकच, दुसऱ्याचे पारपटल. पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी केले. रुग्ण मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्याने भाजले होते. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे भाजल्याच्या नोंदी भारतातले नेत्रतज्ज्ञ आजही करतात, तेव्हा तो मजूर फार दूरचा वाटत नाही.

भारतातली पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रासला निघाली. मुंबई राज्याने १९५७ मध्ये पारपटल रोपणाचा कायदा केला. महाराष्ट्र राज्य जन्मण्याआधी तीन वर्षे, खानदेश त्या राज्यात असताना. १९६० मध्ये इंदूरला डॉ. आर. पी. धांडा यांनी केलेले रोपण भारतातले पहिले यशस्वी रोपण म्हणून सांगितले जाते. आपल्याला इंदूर काही परके नव्हे. खांडव्याला मोठी गाडी सोडून मीटरगेजने तिथे जाता येई. पण रोपणाला नुसती रेल्वे पुरत नाही. काढलेला डोळा थंड पेटीत दीड-दोन दिवसांच्या आत वापरावा लागे. १९७४ मध्ये मॅककॅरी आणि कॉफमन यांनी पारपटल चार दिवस टिकवणारे द्रावण तयार केले, तेव्हा कुठे लहान गावातला डोळा मोठ्या शहरातल्या रुग्णापर्यंत नीट पोहोचू शकला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातही डोळ्यांना वेगळी वागणूक आहे. बाकीचे बहुतेक अवयव नोंदणीकृत रुग्णालयातच काढता येतात. डोळे कुठेही, म्हणजे मृताच्या राहत्या घरीही. हा कायदा सर्वांत आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज जळगावात मांगीलालजी बाफना नेत्रपेढी आहे.

कायदा घरापर्यंत आला, पण घरात वेळ थोडा असतो. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागतात. आपल्याकडे मयत लवकर उचलण्याची घाई असते, नातलग येताच तिरडी बांधली जाते. त्या गर्दीत ‘नेत्रपेढीला फोन करा’ म्हणणारा एक माणूस लागतो. पंखा बंद करणे, पापण्या मिटून ओला कापूस ठेवणे, डोक्याखाली उशी देणे, एवढेच घरच्यांचे काम. बुबुळावरचा तो पातळ पडदाच रोपला जातो. चेहरा विद्रूप होत नाही. पंधरवडे साजरे होतात, अर्ज भरले जातात, पण मेलेला माणूस अर्ज दाखवू शकत नाही. निर्णय त्या रात्री जागे असणाऱ्यांचा असतो.

हे दोन आजार एकमेकांना कसे भिडतात, याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. २००६ ते २००८ मध्ये नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तीस वर्षांपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. त्यांच्या पारपटलाची जाडी मध्यभागी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. दाब मोजणारे यंत्र याच पडद्यावर टेकते. पडदा पातळ असेल तर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे परक्या डोळ्यांवर ठरलेला ‘नॉर्मल’ आकडा आपल्या शेतकऱ्याच्या हातात खोटा दिलासा ठेवू शकतो. एकदा दाब मोजून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही, नस पाहिलीच पाहिजे, हा त्याचा सरळ अर्थ.

मोतीबिंदूने आपल्याला थांबायला शिकवले आणि शेवटी त्या थांबण्याचे फळही दिले. काचबिंदू आणि फूल यांच्यात थांबण्याला फळ नाही. एकात चाळिशीनंतर, विशेषतः आईबाप वा भावंडांना तो असेल तर, काही दुखत नसताना तपासायला जावे लागते. दुसऱ्यात ओरखडा आल्या दिवशीच दवाखाना गाठावा लागतो, आणि घरातले माणूस गेल्या रात्रीच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘पिकू द्या’ म्हणाले, तर आधी विचारावे, बिंदू कोणता?