जुना लॅपटॉप घेताय? सगळे ‘आय-फाइव्ह’ सारखे नसतात

सेकंडहँड बाजारात ‘आय-फाइव्ह आहे, घेऊन टाका’ एवढ्यावर पैसे मोजू नका. पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर बघा.

इंटेलचा आय५-६५०० हा डेस्कटॉपचा प्रोसेसर. चार कोअर, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट. त्याच सहाव्या पिढीतला लॅपटॉपचा आय५-६२००यू मात्र दोनच कोअरचा, २.३ गिगाहर्ट्झ, १५ वॅट. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा. बॅटरी टिकावी, मशीन तापू नये म्हणून ही काटकसर. टॅली, टायपिंग, मुलांचे ऑनलाइन तास यांना तो पुरतो. व्हिडिओ एडिटिंगला दमतो.

गंमत म्हणजे सातव्या पिढीचा आय७-७५००यूसुद्धा दोन कोअरचाच. नावालाच आय-सेव्हन! २०१७ मध्ये आलेल्या आय५-८२५०यूने १५ वॅटमध्येच चार कोअर, आठ थ्रेड दिले. म्हणून जुना लॅपटॉप घ्यायचाच तर आठव्या पिढीपासून पुढचा बघावा. शिवाय विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण तिथपासूनचेच इंटेल प्रोसेसर चालतात, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुकानातच मशीन चालू करून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा; प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर किती, सगळं तिथं दिसतं. बाहेरचा स्टिकर कुणीही चिकटवू शकतो.